रेडिओ स्टेशन विकतात, तेव्हा नेमकं काय विकतात?

किराणा दुकान विकलं तर काय विकलं हे बोट दाखवून सांगता येतं. गाळा, माल, वजनकाटा, फ्रीज आणि उधारीची वही. रेडिओ स्टेशनचं तसं नाही. तिथे वाजणारी गाणी स्टेशनच्या मालकीची नसतात. ज्या लहरींवरून आवाज येतो त्याही नसतात. ऐकणारे तर कुणाच्याच मालकीचे नसतात. तरीही स्टेशनं विकली जातात, एकेक नव्हे तर शेकड्याने, आणि कोट्यवधींना. मग हा व्यवहार नेमका कशाचा असतो?

हे समजून घ्यायला मला एक उदाहरण फार उपयोगी वाटतं. १६ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या रेडिओ कंपनीने, क्लिअर चॅनल कम्युनिकेशन्सने, एकाच दिवशी दोन गोष्टी जाहीर केल्या. पहिली, बेन कॅपिटल आणि थॉमस एच. ली पार्टनर्स या दोन गुंतवणूक संस्था मिळून आख्खी कंपनी विकत घेणार, अंगावरचं कर्ज धरून किंमत सुमारे २,६७० कोटी डॉलर. दुसरी, कंपनी आपल्या साधारण ११५० रेडिओ स्टेशनांपैकी ४४८ विकायला काढणार, शिवाय आपली सगळी टीव्ही स्टेशनंही.

ही ४४८ स्टेशनं न्यूयॉर्कची, शिकागोची नव्हती. अमेरिकेतल्या रेडिओच्या पहिल्या शंभर मोठ्या बाजारपेठांच्या बाहेरची, लहान शहरांतली होती. आपल्याकडे जिल्ह्याचं किंवा मोठ्या तालुक्याचं गाव असावं तशी. एक आकडा इथेच लक्षात ठेवा. दर दहा स्टेशनांमागे जवळजवळ चार विकायला निघाली, पण टीव्हीचा धंदा त्यात मिळवूनही कंपनीच्या उत्पन्नातला त्यांचा वाटा एक दशांशापेक्षा कमी होता. हिशेबाच्या वहीत ती किरकोळ होती. त्या त्या गावात मात्र पहाटे शाळा बंद आहे की चालू, हायवेवर बर्फ किती साचलंय, हे सांगणारा आवाज बहुधा त्यांचाच होता.

सव्वा लाखाचं पहिलं स्टेशन

कंपनीची सुरुवात १९७२ मध्ये टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओत झाली. लॉरी मेज हे गुंतवणुकीच्या धंद्यातले गृहस्थ आणि रेड मॅककोम्स हे मोटारींचे विक्रेते. दोघांनी मिळून एक एफएम स्टेशन सव्वा लाख डॉलरला घेतलं. तीन वर्षांनी त्याच शहरातलं डब्ल्यूओएआय हे नावाजलेलं एएम स्टेशन घेतलं, आणि कंपनीचं पुढचं नाव त्यातूनच आलं. एएमच्या लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून फार लांब पोचतात. सगळ्यांनी एकदम आवाज लावला तर नुसता कालवा होईल, म्हणून अमेरिकेत काही फ्रिक्वेन्सी रात्री एकाच दणदणीत स्टेशनसाठी मोकळ्या ठेवत. अशा फ्रिक्वेन्सीला ‘क्लिअर चॅनल’ म्हणत. बाराशे किलोहर्ट्झवरचं डब्ल्यूओएआय त्यातलंच.

पुढची वीस वर्षं कंपनी वाढत होती, पण बेताने, कारण कायद्याने तिला वेसण होती. १९९५ मध्येही अमेरिकेत एका मालकाला देशभरात मिळून वीस एएम आणि वीस एफएम एवढीच स्टेशनं ठेवता येत. फेब्रुवारी १९९६ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नव्या दूरसंचार कायद्यावर सही केली आणि ही देशपातळीवरची मर्यादा पार काढून टाकली. मोठ्या शहरात एकाच मालकाला आठपर्यंत स्टेशनं ठेवायलाही मुभा मिळाली. त्यानंतर जे झालं त्याला खरेदी म्हणण्यापेक्षा लूट म्हणावंसं वाटतं. २००० मध्ये क्लिअर चॅनलने एएमएफएम ही स्पर्धक कंपनी सुमारे २,३५० कोटी डॉलरच्या सौद्यात गिळली. चाळीसच्या कुंपणात बसणारा धंदा पाच-सहा वर्षांत बाराशेच्या आसपास जाऊन पोचला.

म्हणजे २००६ मध्ये विकायला निघालेली स्टेशनं या कंपनीने उभी केलेली नव्हती. बहुतेक दुसऱ्यांकडूनच घेतलेली होती. कुठे स्थानिक कुटुंबाची, कुठे आणखी एखाद्या लहान कंपनीची. एकदा स्टेशन विकायची वस्तू झालं की ते पुन्हा पुन्हा विकलं जातं.

पागडीची खोली

आता मूळ प्रश्न. विकलं काय जातं?

मुंबईच्या वाचकाला हे एका शब्दात सांगता येईल: पागडी. पागडीच्या खोलीचे तुम्ही मालक नसता. मालक दुसरा असतो, तुम्ही भाडेकरू. पण तो भाडेकरूपणाचा हक्कच तुम्ही मोठ्या रकमेला दुसऱ्याला देता, मालकाची संमती घेऊन. रेडिओचा परवाना अमेरिकेत जवळजवळ असाच चालतो. लहरी जनतेच्या. जनतेच्या वतीने एफसीसी, म्हणजे तिथला संचार आयोग, आठ वर्षांच्या मुदतीने परवाना देतो आणि मुदत संपली की बहुधा नूतनीकरण करून देतो. परवानाधारकाला तो विकायचा असेल तर आयोगाची संमती लागते.

पागडीच्या आणि याच्या दोन फरकांत मात्र बरंच काही दडलंय. पागडीत खोली हस्तांतरित होताना मूळ मालक आपला वाटा वसूल करतो. इथे अर्जाची फी सोडली तर जनतेच्या हाती काही येत नाही. जुन्या स्टेशनांना परवाने मुळात लिलावाने दिलेलेच नव्हते. अर्जदाराची योग्यता पाहून, जनहित सांभाळण्याच्या अटीवर, फुकट दिलेले होते. पुढे तोच फुकटचा परवाना कोटी-कोटी डॉलरला हात बदलत राहिला.

दुसरा फरक मला जास्त खुपतो. १९३४ च्या संचार कायद्याचं कलम ३१०(ड) सांगतं की विक्रीचा अर्ज आला की आयोगाने समोरचा खरेदीदार जनहिताच्या दृष्टीने चालेल की नाही एवढंच पाहावं. त्याच्याऐवजी दुसरा कुणी, म्हणजे गावातलीच एखादी संस्था किंवा तिथले कर्मचारी, जास्त चांगला ठरला असता का, हे आयोगाने विचारातच घ्यायचं नाही. घरमालकाने ‘हा भाडेकरू नको’ म्हणावं, पण ‘त्या शेजारच्याला दे’ म्हणू नये, तसं.

बाकी पद्धत सरळ आहे. दोन्ही बाजू करार करतात, आयोगाकडे अर्ज जातो, त्याची जाहीर सूचना निघते. हरकत घ्यायला लोकांना तीस दिवस मिळतात. मंजुरी आली की पैसे देऊन ताबा. एखाद्या शहरात स्टेशनांची संख्या मर्यादेबाहेर जात असेल, तर जादाची आधी विकावी लागतात किंवा वेगळ्या विश्वस्ताकडे सोपवावी लागतात. जुन्या मालकाला पूर्वी मिळालेल्या सवलती नव्या मालकाला आपोआप मिळत नाहीत. क्लिअर चॅनलची काही स्टेशनं २००८ मध्ये ‘अलोहा’ नावाच्या ट्रस्टकडे गेली ती यामुळेच.

कराराला जोडलेल्या याद्या एकदा डोळ्यांपुढे आणा. परवान्याचा क्रमांक आणि स्टेशनचं अक्षरी नाव, ज्याला तिथे ‘कॉल साइन’ म्हणतात. ट्रान्समीटर आणि त्याचा राखीव जोडीदार, ॲन्टेना. टॉवर स्वतःचा असेल तर जमीन, नाहीतर भाडेकरार. स्टुडिओतले मायक्रोफोन, मिक्सर, संगणक, डिझेल जनरेटर. स्टेशनचं नाव रंगवलेली गाडी. जाहिरातदारांचे चालू करार, वेबसाइटचा पत्ता, ट्रेडमार्क. कर्मचाऱ्यांची यादीही असते, पण ती वेगळ्या कारणाने: कुणाला नव्या मालकाने ठेवायचं आणि कुणाचा हिशेब जुन्याने चुकता करायचा.

या यादीत जे येत नाही, त्यावरच स्थानिक रेडिओ उभा असतो. रात्री दोन वाजता गावातला कुणीतरी माणूस स्टुडिओत जागा आहे आणि फोन वाजला तर तो उचलेल, हे कुठल्याही परिशिष्टात लिहिलेलं नसतं. त्याची किंमत शून्य धरलेली असते. खरं तर शून्यही नाही, ती उणे असते. कशी ते पाहू.

किंमत कशी निघते

रेडिओ स्टेशनची किंमत ठरवायची रूढ पद्धत म्हणजे वर्षाला हाती उरणाऱ्या पैशाला एका आकड्याने गुणायचं. त्या आकड्याला बाजारात ‘मल्टिपल’ म्हणतात. तो तेजीत चढतो, मंदीत उतरतो.

समजा, एका गावातल्या स्टेशनला जाहिरातींतून वर्षाला एक कोटी मिळतात आणि खर्च सत्तर लाख होतो. हाती उरतात तीस लाख. बाजारात आठचा गुणक चालू असेल तर स्टेशनची किंमत दोन कोटी चाळीस लाख. आता रात्रीचा निवेदक आणि बातम्या देणारी बाई, दोघांना पाच-पाच लाख पगार आहे, असं धरा. दोघांना घरी पाठवलं. जाहिराती लगेच काही कमी झाल्या नाहीत, कारण गावातल्या दुकानदाराकडे दुसरा पर्याय कुठे आहे? हाती उरले चाळीस लाख. आठने गुणलं की तीन कोटी वीस लाख. दोन माणसं कमी झाली आणि स्टेशन कागदावर ऐंशी लाखांनी महाग झालं.

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण गणित खरं आहे. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही माणूस कमी करण्यात फायदा दिसतो. तो एकदाच नव्हे, गुणकाच्या पटीत. मालक दुष्ट असण्याची गरजच नाही, हा सारा हिशेबच तसा मांडलेला आहे.

उलट टोकाला असं स्टेशन असतं ज्याच्या हाती काहीच उरत नाही. तेही विकलं जातं. त्याच्या किमतीला तिथल्या धंद्यात ‘स्टिक व्हॅल्यू’ म्हणतात, म्हणजे नुसत्या काठीचा भाव. टॉवर आणि परवाना, बस. आणि कधीकधी काठी रोवलेली जमीनच काठीपेक्षा महाग निघते. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा उपनगरात डब्ल्यूएमएएल स्टेशनचे एएम टॉवर सुमारे पंचाहत्तर एकरांवर उभे होते. क्युम्युलस या कंपनीने ती जमीन घरं बांधणाऱ्या कंपनीला सात कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकली, आणि २०२० मध्ये ते टॉवर पाडले गेले. आपल्याकडच्या गिरण्यांच्या जमिनींची गोष्ट ज्यांना माहीत आहे, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

ज्याचा सौदा त्याच्यावरच कर्ज

आता २००६ च्या सौद्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. घेणाऱ्या दोन संस्थांनी सगळे पैसे स्वतःच्या खिशातून घातले नाहीत. थोडं भांडवल घातलं आणि उरलेलं मोठं कर्ज काढलं. ते कर्ज संस्थांच्या अंगावर नव्हतं, विकत घेतलेल्या कंपनीच्या अंगावर होतं.

हे पटकन पचत नाही, म्हणून साध्या भाषेत सांगतो. तुम्हाला नाक्यावरचं चालू हॉटेल घ्यायचंय. तुम्ही बँकेला सांगता, माझ्याकडे थोडे पैसे आहेत, बाकीचं कर्ज द्या, हॉटेलच तारण ठेवतो, आणि हप्ते हॉटेलच्या गल्ल्यातून जातील. बँक हो म्हणते. उद्यापासून त्याच आचाऱ्याने, त्याच वेटरने, त्याच भट्टीवर पूर्वीएवढंच कमवायचं, वर हप्ताही काढायचा. धंदा वाढला तर तुम्ही थोड्या पैशात मोठ्या हॉटेलचे मालक. नाही वाढला तर आधी चहातलं दूध पातळ होतं, मग एक वेटर कमी होतो, आणि शेवटी रात्रीचं हॉटेल बंद होतं.

सौदा रखडला. बाजारात कर्ज महाग झालं, बँका मागे सरायला लागल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, शेअरमागे देऊ केलेला भाव ३६ डॉलरवर खाली आला. अखेर जुलै २००८ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि कंपनीवरचं कर्ज दोन हजार कोटी डॉलरच्या घरात गेलं. दोनच महिन्यांत अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि जाहिराती आटल्या. २० जानेवारी २००९ रोजी, ज्या दिवशी बराक ओबामा शपथ घेत होते आणि सारं जग टीव्हीपुढे होतं, त्याच दिवशी क्लिअर चॅनलने १,८५० माणसांना कमी करत असल्याचं सांगितलं.

लहान गावांची स्टेशनं विकायला का काढली, याचं उत्तर आता सोपं आहे. लहान गावात खूप स्टेशनं सांभाळायची, उत्पन्न थोडं, आणि हप्त्याला हातभार नगण्य. ती विकून रोकड मिळवावी आणि मोठ्या शहरांवर लक्ष ठेवावं, हा हिशेब. लॉरी मेज यांनी २००३ मध्येच एका मुलाखतीत स्वच्छ सांगून टाकलं होतं की आपला धंदा बातम्या किंवा माहिती देण्याचा नाही, चांगलं संगीत शोधून देण्याचाही नाही. ग्राहकांचा माल विकून देण्याचा आहे. ‘ग्राहक’ म्हणजे इथे जाहिरातदार. या स्पष्टपणाबद्दल मला त्यांचा रागही येत नाही. फक्त, परवाना देताना जनतेने त्यांना हे काम सांगितलं नव्हतं.

विकायला काढलेली सगळी स्टेशनं एका झटक्यात गेली असं मात्र झालं नाही. १८७ स्टेशनांचा गठ्ठा सुमारे ४५ कोटी डॉलरला घ्यायला एक खरेदीदार पुढे आला होता, पण त्याच्या पाठीशी असलेल्या गुंतवणूकदाराने हात काढून घेतला आणि सौदा फिसकटला. काही स्टेशनं लहान-मोठ्या कंपन्यांनी घेतली, काही गावांत स्थानिक माणसांनीही घेतली, आणि बरीचशी घ्यायला कुणी आलंच नाही, ती कंपनीकडेच राहिली.

मायनॉटची रात्र

उत्तर डकोटा राज्यातलं मायनॉट हे साधारण छत्तीस हजार वस्तीचं शहर. १८ जानेवारी २००२, रात्री दीड वाजून गेलेला, हाडं गोठवणारी थंडी. गावाच्या कडेला एका मालगाडीचे एकतीस डबे रुळांवरून घसरले आणि काही टाक्या फुटून निर्जल अमोनियाचा ढग सुटला. हा अमोनिया तिथे शेतीला खत म्हणून जातो. डोळे, घसा, फुप्फुसं जाळत जातो. लोक अंथरुणातून उठले तर बाहेर पांढरं धुकं आणि श्वास घेता येईना. घराबाहेर पडायचं की आत थांबायचं? बरोबर उत्तर होतं आत थांबा, दारं-खिडक्या बंद करा, ओला कपडा नाकाला लावा. पण हे सांगणार कोण? लोकांनी रेडिओ लावला.

गावातली सहा व्यापारी स्टेशनं त्या वेळी क्लिअर चॅनलकडे होती. त्यांतलंच एक आणीबाणीच्या सूचना देण्यासाठी नेमून दिलेलं होतं. पोलिसांचं म्हणणं, आम्ही फोन करत राहिलो, कुणी उचलला नाही. कंपनीचं म्हणणं, इमारतीत माणूस होता, पण घाबरलेल्या लोकांच्या फोनांनी लाइनी भरून गेल्या. आणि आणीबाणीचा संदेश थेट प्रसारणात घालायची यंत्रणा होती, ती वापरायची तयारी प्रशासनाचीच नव्हती. या वादावर पुढे बरंच लिहिलं गेलं, आणि चूक एकाच्याच माथी मारणं अन्यायाचं ठरेल. एक माणूस मरण पावला, शेकडोंना इजा झाली.

मला त्या वादापेक्षा एक साधी गोष्ट मोठी वाटते. ती सहा स्टेशनं सहा वेगळ्या मालकांची असती तर पोलिसांना सहा दारं ठोठावता आली असती. एक बंद तर दुसरं. सगळी एका इमारतीत, रात्रीपुरती एखाद्या माणसाच्या भरवशावर, आणि बाकी संगणकावर सोडलेली असली, की सहा स्टेशनांचं मिळून एकच दार उरतं.

संगणकावर सोडणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. याला ‘व्हॉइस ट्रॅकिंग’ म्हणतात. दूरच्या शहरात बसलेला निवेदक दोन गाण्यांमधली वाक्यं आधीच रेकॉर्ड करून ठेवतो. संगणक ती गाण्यांच्या मध्ये बसवतो. तीन तासांचा कार्यक्रम अर्ध्या-पाऊण तासात तयार होतो आणि एकच माणूस चार-पाच गावांत ‘तुमच्या गावचा’ म्हणून बोलतो. गावातल्या चौकाचं नाव, शाळेच्या संघाचं नाव त्याला कागदावर लिहून दिलेलं असतं. ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा कळतही नाही. गाडी रुळावरून घसरते त्या रात्रीच कळतं.

नवा मालक कोण

विकलेल्या स्टेशनचं पुढे काय होतं हे घेणाऱ्यावर अवलंबून. मोठी साखळी घेणार असेल तर नाव बदलतं, गाणी मुख्यालयातून येतात. स्थानिक माणूस घेणार असेल तर कधी नशीब उजळतं, कधी त्याचंच दिवाळं निघतं. तिसरा खरेदीदार अमेरिकेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फार वाढला: देणग्यांवर चालणाऱ्या धार्मिक प्रसारण संस्था. जाहिराती आटल्या तरी त्यांचे भाविक पैसे पाठवत राहतात. न्यूयॉर्कचं डब्ल्यूपीएलजे हे स्टेशन १९७१ पासून त्या नावाने वाजत होतं. क्युम्युलसने ते आणखी पाच स्टेशनांसोबत दहा कोटी डॉलरहून थोड्या जास्त किमतीत एज्युकेशनल मीडिया फाउंडेशनला विकलं, आणि ३१ मे २०१९ च्या संध्याकाळी सातला त्याच फ्रिक्वेन्सीवर ख्रिस्ती भक्तिगीतांचं देशव्यापी प्रसारण सुरू झालं. गाडीतल्या रेडिओचं बटण तेच, फ्रिक्वेन्सी तीच, आतलं सगळं दुसरं.

क्लिअर चॅनलने २०१४ मध्ये नाव बदलून आयहार्टमीडिया केलं. कर्ज नावाबरोबर बदलत नाही. मार्च २०१८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मे २०१९ मध्ये त्यातून बाहेर पडली तेव्हा १,६१० कोटी डॉलरचं कर्ज ५७५ कोटींवर आणलेलं होतं. ज्यांनी कर्ज दिलं ते बरेचसे मालक झाले. दहा वर्षं जे हप्ते भरले गेले, त्यांतले काही त्या रात्रपाळीच्या पगारांतून निघाले होते, आणि ते पगार पुन्हा सुरू झाले नाहीत.

आपल्याकडे

आमच्या घरी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की वडील दाढीला बसत. धरणाचा विसर्ग किती, कुठला घाट बंद, हे त्या आवाजातून कळे. तो आवाज विकला जाऊ शकतो हा विचारही कधी शिवला नाही, कारण आकाशवाणी सरकारी. खासगी एफएम २००१ मध्ये आलं, बंगळूरला रेडिओ सिटीपासून, आणि तेव्हापासून विक्रीचा प्रश्न आपल्याही दारात आला.

आपले नियम अमेरिकेपेक्षा कडक आहेत. इथे परवानगी लिलावाने मिळते, सरकारच्या एफएम धोरणाच्या तिसऱ्या टप्प्यात पंधरा वर्षांसाठी, आणि वर त्या मुदतीत सरकारला दरवर्षी फी द्यावी लागते. काही दुर्गम आणि सीमाभाग वगळता एका कंपनीला देशातल्या एकूण स्टेशनांपैकी पंधरा टक्क्यांहून जास्त घेता येत नसत, ही मर्यादा २०२२ मध्ये काढली गेली. एका शहरातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त मात्र घेता येत नाहीत. तिथे किमान तीन वेगळे चालक असावेच लागतात. स्टेशन सुरू झाल्यापासून तीन वर्षं मुख्य मालकाला मालकी सोडता येत नाही. म्हणून आपल्याकडे बहुधा स्टेशन नव्हे, कंपनीच विकली जाते, आणि माहिती-प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते.

‘बिग एफएम’चं उदाहरण ताजं आहे. अनिल अंबानी यांच्या समूहातल्या रिलायन्स ब्रॉडकास्ट नेटवर्कची ही साखळी, पन्नासहून जास्त शहरांत. मे २०१९ मध्ये रेडिओ सिटी चालवणाऱ्या म्युझिक ब्रॉडकास्टने ती घ्यायचं जाहीर केलं, मूल्य सुमारे १,०५० कोटी रुपये. तो सौदा २०२० मध्ये बारगळला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि मे २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने सफायर मीडियाची सुमारे २६१ कोटींची योजना मंजूर केली. पाच वर्षांत भाव चौथाईवर आला. कर्ज तिथेही आणि इथेही तेच करून गेलं.

एका बाबतीत मात्र आपण आधीच हरलेले आहोत. खासगी एफएमला इथे स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. प्रशासनाने दिलेली पुराची, पाण्याची, विजेची सूचना सांगता येते, वाहतूक आणि हवामान सांगता येतं. पण स्वतःचा बातमीदार पाठवून ‘या वॉर्डात टँकर आला नाही’ हे सांगता येत नाही. त्यामुळे आपलं खासगी स्टेशन विकलं गेलं तर गावाची बातमी जात नाही, ती तिथे मुळात नव्हतीच. खरं स्थानिक उरतं ते एवढंच, सामुदायिक रेडिओत. म्हसवडचं ‘माणदेशी तरंग’ ९०.४ वर माणदेशी बोलीत बोलतं. अशा रेडिओची परवानगी ना-नफा संस्थांना, शिक्षणसंस्थांना मिळते, आणि तिचा बाजार मांडता येत नाही.

पुन्हा अमेरिकेकडे येतो, एका नियमासाठी. स्टेशनचा मुख्य स्टुडिओ ज्या गावासाठी परवाना दिला त्या गावात किंवा जवळ असला पाहिजे, असा तिथे १९४० च्या आसपासपासून दंडक होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये एफसीसीने तो रद्द केला. आता स्टुडिओ हजार मैलांवर असला तरी चालतो. एक जुना नियम तेवढा राहिलाय. दर तासाला, तास भरण्याच्या सुमारास, स्टेशनने आपलं अक्षरी नाव आणि लगेच पुढे आपल्या गावाचं नाव घ्यायचं. ते वाक्य आता बहुतेक ठिकाणी रेकॉर्ड केलेलं असतं. रात्री दोन वाजता, रिकाम्या खोलीत, संगणक ते वेळेवर लावतो.